रहाडीचा रंग आणि जपानी प्रीसेट

रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी उघडतात. पेशवाईतले हे दगडी हौद एरवी वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेले असतात, वरून रिक्षा-स्कूटरची वर्दळ चालू असते. पंचमीच्या आधी माती काढायची, हौद धुवायचा, पूजा करायची, रंग कालवायचा आणि मग पाण्यात धप्पा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंध्याची पिवळी, दिल्ली दरवाज्याची केशरी, शनी चौकाची गुलाबी. अंगावरचा रंग बघून माणूस कुठल्या रहाडीत उतरून आला ते जुना नाशिककर सांगतो.

अलीकडे या उत्सवाचे जे फोटो मोबाइलवर फिरतात, त्यांतल्या पुष्कळ फोटोंवरून ते सांगता येत नाही. पिवळा सायीच्या वळणावर गेलेला, केशरी विटलेला, सावल्या निळसर-हिरव्या, आकाश दुधाळ. याला म्हणतात 'जपानी लूक'. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एक प्रीसेट टाकायचा, की पाचशे फोटोंना एकदम तोच रंग चढतो.

नाशिकमध्ये ज्या घरात फोटोचा धंदा आहे, तिथे हा वाद आज ना उद्या होतोच. मी तो इथे मामा आणि भाची अशा दोघांच्या तोंडी घातला आहे. मामाने फिल्मच्या काळात स्टुडिओ चालवला, हायपोत हात भिजवले. भाची लग्नाचे, प्री-वेडिंगचे आणि सणावारांचे फोटो एडिट करते. दोघांनाही मी त्यांची बाजू पूर्ण मांडू देणार आहे. मला जिथे बोलावंसं वाटेल तिथे मध्ये बोलेन.

मामा : हा फोटो तिवंध्याचा ना? मग पिवळा कुठे गेला?

भाची : आहे की. हलका केलाय. मामा, मूळ फाइल बघ एकदा. दुपारचं ऊन, ओला पिवळा, मागे कुणाच्या तरी वाढदिवसाच्या बॅनरचा निळा, प्लास्टिकच्या खुर्च्यांचा लाल. सगळं अंगावर येतं. प्रीसेटने ते एका सुरात आणलं.

मामा : एका सुरात म्हणजे सगळं सारखं. आता दिल्ली दरवाज्याचा फोटो याच्या शेजारी ठेव आणि सांग कुठला कुठला ते.

भाची : खाली नाव लिहिलंय.

मामा : नाव लिहावं लागलं, तिथेच कळलं. रहाडीचा फोटो आहे आणि रंग सांगायला अक्षरं लागतात.

इथे प्रीसेट नेमकं काय करतो ते सांगायला हवं, कारण निम्मा वाद ते न कळल्यामुळे होतो. प्रीसेट म्हणजे स्लायडरच्या आकड्यांची साठवून ठेवलेली यादी. जपानी म्हणून मिळणाऱ्या बहुतेक प्रीसेटची यादी साधारण एकाच घराण्यातली असते. एक्सपोजर थोडं वर. कॉन्ट्रास्ट खाली. टोन कर्व्हचं डावं टोक उचललेलं, त्यामुळे फोटोत काळा असा उरतच नाही, गडद राखाडीपाशी थांबतो. सावल्यांत निळसर-हिरवी झाक. हिरवा रंग निळ्याकडे ढकललेला आणि उतरवलेला. पिवळाही उतरवलेला. नारिंगीचं ल्युमिनन्स वर, म्हणजे नारिंगी उजळ. शेवटी थोडं ग्रेन. यातल्या नारिंगीकडे लक्ष ठेवा. माणसाची त्वचा गोरी असो, गव्हाळ असो की काळीसावळी, सॉफ्टवेअरच्या हिशेबात ती बहुतेक नारिंगीच्याच खणात पडते.

भाची : हे आकडे कुणी हवेतून काढलेले नाहीत. फुजीची प्रो 400 एच नावाची निगेटिव्ह फिल्म होती. तिच्यात रंग टिपणारा नेहमीपेक्षा एक थर जास्त होता. एक-दोन स्टॉप जास्त उजेड दिला तरी ती जळायची नाही, उलट रंग मऊ पडायचे, हिरव्यात पुदिन्याची झाक यायची. कच्चा माल मिळेना म्हणून फुजीने 2021च्या जानेवारीत ती बंद केल्याचं जाहीर केलं. आज आम्ही स्लायडरने जे करतो, ते त्या फिल्मचाच माग काढणं आहे. आणि मला हे वेड फिल्ममुळेसुद्धा लागलं नाही, माणसांमुळे लागलं. जपानी फोटोग्राफर रिंको कावाउची. 2001 साली तिची तीन पुस्तकं एकदम आली. त्यांत काय आहे? चमच्यातले साबुदाण्यासारखे दाणे, मेलेला पक्षी. ओसाकाचा हिदेआकी हमादा आपल्या दोन मुलांचेच फोटो काढत राहिला. मुलं पळतायत, पाण्यात दगड टाकतायत. बस. ते बघितलं आणि मला पहिल्यांदा वाटलं, की सिडकोतल्या आपल्या जिन्यातली सायकल, गच्चीवर वाळणाऱ्या आईच्या साड्या, मिसळीच्या टेबलावर पडलेलं सकाळचं ऊन, यांचेही फोटो निघतात. त्याआधी नाशिकचा फोटो म्हणजे काय होतं? रामकुंड, आरती, सूर्यास्त. आणि रंग असे भडक, की गोदावरीला आग लागल्यासारखी दिसावी.

मामा : ते भडक फोटो मलाही सोसत नव्हते. पण साध्या गोष्टीकडे बघायला शिकवायला जपानी माणूस कशाला लागला? तसं शिकवणारा आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मला की. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी काय केलं होतं? कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा समोर ठेवला आणि रोज थोडी थोडी फिल्म उघड करत रोप वाढताना दाखवलं. 1912 साली. ते बघून त्यांना सिनेमासाठी पैसे मिळाले. वाटाण्यावर.

भाची : मग माझंच म्हणणं खरं झालं! फाळक्यांची फिल्म तरी खरा रंग कुठे दाखवत होती? ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म. तांबडा तिला दिसतच नव्हता. कुंकू लावलं तर ते काळं यायचं. नटांचे चेहरे वेगळे रंगवावे लागत. प्रत्येक काळाच्या फिल्मने रंग बदललेच आहेत. माझा प्रीसेट ही त्यातलीच पुढची पायरी.

मामा : त्यांच्या हाती दुसरी फिल्म नव्हती. तुझ्या कॅमेऱ्याने पिवळा बरोबर टिपलाय, तू तो उतरवतेस. न जमणं आणि न करणं यांत फरक आहे.

भाचीचा मुद्दा हलका नाही. 'जसं आहे तसं' टिपणारा कॅमेरा कधीच नव्हता. रॉ फाइलसुद्धा कुठल्या तरी प्रोफाइलमधूनच पडद्यावर दिसते आणि ती प्रोफाइल कुणी तरी बसून ठरवलेली असते. पण म्हणून सगळेच बदल सारखे ठरत नाहीत. ज्या गोष्टीसाठी फोटो काढला तीच ज्याने पुसली जाते, तो बदल चुकीचा, असं मला वाटतं. गच्चीवरच्या साड्यांचा निळा थोडा सरकला तर काही बिघडत नाही. रहाडीचा पिवळा गेला तर फोटो काढायचं कारणच गेलं.

मामा : आणि उजेडाचं काय? टोकियो साधारण 36 अक्षांशावर, आपण 20वर. आपल्याकडे मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. टोकियोत तो डोक्यावर कधीच येत नाही. डिसेंबरात तर तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 31 अंश वर असतो. आपल्याकडे त्याच दिवशी 46-47. म्हणजे त्यांना थंडीत दिवसभर तिरपं, खिडकीतून आत शिरणारं ऊन मिळतं. आपल्याला रंगपंचमीच्या दुपारी 70 अंशांवरून पडणारं. भुवईची सावली डोळ्यात, नाकाची ओठावर. त्या उन्हात काढलेल्या फोटोवर तू ते तिरपं ऊन चढवायला बघतेस. सावल्या उचलल्यास की त्या मऊ होत नाहीत, नुसत्या राखी होतात. कडा तशीच कडक राहते.

भाची : हे बरोबर आहे. सावलीची कडा स्लायडरने मऊ होत नाही, हे मी रोज बघते. पण मामा, आपल्याकडे तो उजेड येतच नाही असं म्हणू नको. आषाढ-श्रावणात अंजनेरीला जा. गंगापूर धरणाच्या कडेला पहाटे उभा राहा. ढग उतरलेले असतात, पाऊस भुरभुरत असतो, सावली नावालाही नसते. तिथे प्रीसेट टाकावासुद्धा लागत नाही. थोडं ओव्हरएक्स्पोज केलं की झालं. तो फोटो बघून लोक विचारतात, जपानमधलं कुठलं गाव? मी म्हणते, त्र्यंबक रोड.

मामा : मग त्याला नाशिकचा श्रावण म्हण. जपानचं नाव कशाला देतेस?

भाची : नाव मोठं नाही रे. डोळा तिकडून मिळाला, एवढं कबूल करायला मला काही कमीपणा वाटत नाही.

तिच्या या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. अडचण वेगळी आहे. प्रीसेटच्या दुकानात जो जपान मिळतो तो जपानी छायाचित्रणाचा एक छोटा कोपरा आहे. 1968 साली निघालेल्या 'प्रोव्होक' नियतकालिकातला दाइदो मोरियामा त्याच देशातला. त्याचे फोटो खरबरीत, हललेले, काळेकुट्ट. आणि त्याच्याही आधी 1933 साली जुनिचिरो तानिझाकीने सावलीच्या बाजूने एक अख्खा निबंध लिहिला. विजेच्या दिव्यांनी जपानी घरातला अंधार घालवला आणि त्याबरोबर लाखेच्या भांड्यांचं, सोन्याच्या वर्खाचं सौंदर्यही घालवलं, कारण ते अंधारातच उमलत होतं, असं त्याचं म्हणणं. म्हणजे सावली उचलून टाकणारा प्रीसेट ज्या देशाचं नाव लावतो, त्या देशाच्या एका मोठ्या लेखकाने सावली वाचवायची विनवणी केली होती.

हे वाचताना मला नाशिकचे वाडे आठवतात. भर उन्हातून दिंडी दरवाज्यातून आत आलात की चौकात उजेड, ओसरीवर अर्धा उजेड, माजघरात त्याहून कमी आणि देवघरात फक्त समईपुरता. चार पावलांत उजेडाच्या चार पायऱ्या. सागवानी खांबांचा तेलकट काळा, कोनाड्याचा काळा आणि देवघराच्या कोपऱ्याचा काळा हे तीन वेगवेगळे काळे आहेत. पितळी देव उठून दिसतात ते मागच्या अंधारामुळे. वाडा याच हिशेबाने बांधलेला असतो. टोन कर्व्हचं डावं टोक उचललं की या पायऱ्या सपाट होतात. माजघर आणि ओसरी एकाच राखाडीत जातात, समई नुसता पांढरा ठिपका राहते. आता हे वाडे एकेक करून उतरवले जात आहेत. काहींचा शेवटचा फोटो कुणा प्री-वेडिंगवाल्याच्या हार्ड डिस्कमध्येच सापडेल.

मामा : काळारामाचं देऊळ घे. दगड काळा, मूर्ती काळी, नावातच काळा. त्याचा फोटो मी तू दाखवतेस त्या पेजवर पाहिला. पावसात भिजलेला दगड सिमेंटच्या रंगाचा दिसत होता.

भाची : तो माझा नव्हता. पण असे दिसतात, हे खरं.

मामा : आता नवरीचा दाखव. हळदीचा.

भाचीने तो फोटो उघडला, असं समजू. नवरी सावळी. कपाळावर, गालांवर, दंडावर ओली हळद. मूळ फोटोत हळद आणि त्वचा एकमेकींना खुलवतात. सावळ्या रंगावर हळदीचा पिवळा जसा उठतो तसा गोऱ्या रंगावर उठत नाही. प्रीसेट पडतो. चेहरा उजळतो, हळद फिकी होते, आणि गालाच्या सावलीच्या बाजूला राखेसारखी हिरवट झाक येते. कारण सरळ आहे. सावळ्या त्वचेचा बराचसा भाग फोटोतल्या मधल्या आणि गडद छटांत असतो आणि प्रीसेट निळा-हिरवा मिसळतो तो नेमका त्याच छटांत. गोऱ्या त्वचेचा भाग वरच्या छटांत असल्यामुळे ती सुटते. हे आकडे ज्या चेहऱ्यांवर बसवले गेले ते उजळ होते, एवढाच याचा अर्थ.

हे पूर्वीही झालं आहे. लॅबमध्ये प्रिंटचे रंग जुळवण्यासाठी कोडॅक नमुन्याची कार्डं पाठवत असे, त्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर कित्येक वर्षं गोऱ्या बाईचाच चेहरा होता. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेलं कार्ड निघायला 1990चं दशक उजाडलं. तोवर जगभरच्या काळ्यासावळ्या माणसांचे रंग त्या एका चेहऱ्याच्या मापाने छापले गेले.

मामा : बघ. नवरीची आई विचारेल, ही आमचीच मुलगी का?

भाची : नवरीची आई विचारते, अजून थोडी उजळ नाही का करता येणार? मामा, खरं बोलू? हे माझ्यापासून सुरू झालेलं नाही. तुझ्या स्टुडिओत निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने काय चालायचं? निगेटिव्हवर शिसं चढलं की प्रिंटमध्ये ती जागा उजळते. 'दाखवायचा' फोटो म्हणून किती मुलींचे चेहरे असे घासले गेले असतील?

मामा : चालायचं. गिऱ्हाईक मागायचं, आम्ही करायचो. पण एक ऐक. ती पेन्सिल एका चेहऱ्यावर एका वेळी चालायची. समोर कोण आहे ते बघून हात थांबवता यायचा. प्रिंट रंगवतानाही तसंच. सेपिया प्रिंटवर साडीचा रंग भरायचा तर आधी विचारायचो, साडी कुठल्या रंगाची होती? तुझा प्रीसेट कुणाला काही विचारतच नाही.

भाची : प्रीसेट विचारत नाही, पण मी विचारू शकते. आणि मी एकेक चेहरा बघत नाही असं तुला कोणी सांगितलं? लाइटरूम आता माणसाची त्वचा आपणहून ओळखून वेगळी निवडून देतं. प्रीसेट टाकला तरी त्वचेवरचा निळा मी काढून टाकते, नारिंगी परत खाली आणते. हळद, कुंकू, शालू, हे तीन रंग मूळ फाइलशी ताडून बघते. पाचशे फोटोंत वेळ लागतो. लग्नाच्या अल्बमच्या पैशात तो वेळ बसत नाही, हे कुणी लक्षात घेत नाही.

मामा : मग उलटं का करतेस? आधी बिघडवायचं आणि मग दुरुस्त करायचं. नाशिकच्या चेहऱ्यावर, नाशिकच्या उन्हात स्वतःचे आकडे बसव. त्याचा प्रीसेट कर. त्याला मी नाही म्हणणार नाही.

भाची : तो करतेच आहे. श्रावणाचा झालाय. उन्हाचा जमत नाही अजून.

मामा : उन्हाचा नाही जमणार. दुपारी बाराला नवरीला उन्हात उभी करू नका म्हणून सांग, ते जास्त सोपं आहे.

वाद इथे मिटला असं मी म्हणणार नाही, पण धंद्याच्या अंगाने यातून बरंच निघालं. एक गोष्ट मात्र राहिली आणि ती मला लग्नाच्या अल्बमपेक्षा मोठी वाटते.

गोदाकाठी दुतोंड्या मारुती उभा आहे. पूर किती आला हे नाशिककर त्याच्यावरून मोजतो. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. ऑगस्ट 2016च्या पुरात घाटावर हजारो मोबाइल वर झाले होते. पुराचं पाणी लालसर-तपकिरी असतं, कारण त्यात वरच्या रानाची, नांगरलेल्या शेतांची माती असते. उन्हाळ्यात तेच पात्र पाणवेलींनी हिरवं होतं, कुठे सांडपाण्याने काळपट. नदीचा रंग ही तिची तब्येत आहे. ती फिकट निळी करून टाकलेली फाइलच जर पुढच्या पिढीच्या हाती लागली, तर 21व्या शतकातली गोदावरी स्वच्छ आणि शांत वाहत होती असा तिचा समज होईल. जपानच्याच बाबतीत हे घडून गेलं आहे. फेलिचे बेआतो हा फोटोग्राफर 1863 साली योकोहामाला आला. त्याने आणि त्याच्यामागून आलेल्या स्टुडिओंनी हाताने रंगवलेले फोटो परदेशी प्रवाशांना विकले. फुजी पर्वत, फुलं, किमोनोतल्या बायका, सगळं नाजूक रंगात. तो देश त्याच काळात रेल्वे, गिरण्या आणि तोफा उभारत होता. बाहेरच्या जगाच्या डोळ्यांपुढे मात्र कितीतरी वर्षं तो नाजूक जपानच राहिला.

2027 साली नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. 2015च्या पर्वणीपेक्षा कितीतरी जास्त फोटो निघतील आणि त्यांतले बहुतेक त्याच रात्री कुठल्या ना कुठल्या प्रीसेटमधून जातील. जायला हरकत नाही. फोटोग्राफर मित्रमैत्रिणींना माझं एवढंच मागणं आहे. रॉ फाइल जागेसाठी पुसू नका. मोबाइलवर काढत असाल तर एडिट केलेल्या फोटोबरोबर मूळ फोटोही ठेवा. फाइलच्या नावात तारीख आणि घाट लिहा. आणि माणसाच्या त्वचेला हात लावण्यापूर्वी, ज्याची ती त्वचा आहे त्याला विचारा.